मधली खुर्ची कोणाची?

गॅदरिंगला सभागृहातल्या मधल्या रांगा कोणासाठी राखून ठेवतात हे काही सांगायला नको. प्रमुख पाहुणे, प्राचार्य, विभागप्रमुख, मग बाकीचा स्टाफ. आपण हॉस्टेलवाले कडेला भिंतीला टेकून, नाहीतर मागे बाकांवर उभे. नाटक असो वा ऑर्केस्ट्रा, त्याने फारसं बिघडत नाही. दिसायला थोडं कमी दिसतं, इतकंच. पण संगीताचा एक प्रकार असा आहे की त्यात मधल्या खुर्चीवरचा माणूस एक रचना ऐकतो आणि भिंतीला टेकलेला माणूस भलतीच ऐकतो. तिकीट दोघांचं सारखं!

या प्रकारात संगीतकार स्वर, लय आणि आवाजाचा जोर ठरवतो, तशी आवाजाची जागाही ठरवतो. हा सूर मागून यायचा, तो डोक्यावरून जायचा, हा खोलीभर फिरून डाव्या कोपऱ्यात थांबायचा. ध्वनिफीत आणि स्पीकर हाताशी आल्यावर, म्हणजे १९५० नंतर, युरोप-अमेरिकेतल्या प्रयोगशील संगीतकारांनी यात भरपूर डोकं घातलं. आणि डोकं घालणाऱ्यांत इंजिनिअर बरेच होते, ही आपल्यासाठी आनंदाची गोष्ट. तिसऱ्या वर्षाच्या सेमिनारसाठी मी हा विषय घेतला होता. स्लाइड्स, ‘थँक यू’ आणि सरांचे प्रश्न वगळून जे उरलं, तो हा लेख.

आधी कानांचं बघू. डोळे मिटून खोलीच्या मध्ये बसा आणि रूममेटला किल्ल्यांचा जुडगा कुठेही वाजवायला सांगा. डावं-उजवं तुम्ही बिनचूक दाखवाल. मग त्याला बरोबर नाकासमोर आणि बरोबर डोक्यामागे वाजवायला सांगा, आणि मान अजिबात हलवू नका. इथे चांगलीच फजिती होते.

कारण सोपं आहे. दोन कानांत साधारण सतरा-अठरा सेंटिमीटरचं अंतर. उजवीकडून आलेला आवाज डोक्याला वळसा घालून डाव्या कानात पोचतो तो जरा उशिरा. हा उशीर जास्तीत जास्त ०.६५ मिलिसेकंदाच्या आसपास असतो. एवढ्याशा फरकावरून मेंदू दिशा काढतो! शिवाय डोकं मध्ये आल्यामुळे पलीकडच्या कानावर आवाजाची सावली पडते. पण ही सावली फक्त वरच्या पट्टीतल्या आवाजांची. खालच्या पट्टीत तरंगलांबी डोक्यापेक्षा मोठी असते, त्यामुळे त्या लाटा डोक्याला जुमानत नाहीत. साधारण १५०० हर्ट्झच्या खाली वेळेचा फरक कामाला येतो, वर जोराचा फरक. ही कामाची वाटणी लॉर्ड रॅले यांनी १९०७ मध्ये मांडली. बरोबर समोर आणि बरोबर मागे मात्र दोन्ही फरक शून्य. तिथे कानाच्या पाळीच्या घड्या मदतीला येतात. समोरून आणि मागून आलेल्या आवाजातला वरचा भाग त्या वेगवेगळ्या प्रकारे बदलतात. आणि तेवढ्याने भागलं नाही तर आपण मान वळवतो.

आता दोन स्पीकर घ्या, दोघांपासून सारख्या अंतरावर बसा, दोन्हीतून एकच आवाज सारख्या जोराने सोडा. आवाज येतो तो दोन स्पीकरच्या बरोबर मधून, जिथे काहीच नाही! उजव्याचा जोर थोडा वाढवला की तो उजवीकडे सरकतो. स्टिरिओची सगळी जादू एवढीच. अॅलन ब्लूमलाइन या ब्रिटिश इंजिनिअरने १९३१ मध्ये तिच्या पेटंटचा अर्ज केला. मधल्या त्या आवाजाला इंग्रजीत भूत म्हणतात. मी भासमान आवाज म्हणेन, कारण हॉस्टेलात भुतांच्या गोष्टी आधीच पुष्कळ आहेत.

वेळेच्या फरकाचा पडताळा लॅपटॉपवर पाहता येतो. ऑडॅसिटी फुकट मिळतं. एका टाळीचं रेकॉर्डिंग डाव्या-उजव्या ट्रॅकवर ठेवा आणि ४४,१०० सॅम्पलच्या फाइलमध्ये एक ट्रॅक फक्त २२ सॅम्पल मागे ढकला. अर्धा मिलिसेकंद झाला. इअरफोनमध्ये टाळी सरळ एका कानाशी जाऊन बसते.

पण या भासमान आवाजाची एक अट आहे. तुम्ही सगळ्या स्पीकरपासून सारख्या अंतरावर हवेत. म्हणजेच मधली खुर्ची.

ही अट मोडली की काय होतं, ते जर्मनीत ग्योटिंगेनला हेल्मुट हास यांनी १९४९ च्या आपल्या प्रबंधात दाखवलं. तोच आवाज दोन ठिकाणांहून पाच ते तीस मिलिसेकंदांच्या फरकाने आला, तर कानाला दोन आवाज ऐकू येत नाहीत. एकच येतो, आणि तो आधी पोचलेल्याच्या दिशेने आल्यासारखा वाटतो. उशिरा आलेला दहा डेसिबलपर्यंत मोठा असला तरीसुद्धा! (मोठ्या सभांमध्ये मागच्या लोकांसाठी लावलेले स्पीकर मुद्दाम थोडे उशिरा वाजवतात ते याच जोरावर. आवाज मागच्या स्पीकरमधून येतो, पण वक्ता स्टेजवरूनच बोलतोय असं वाटतं.)

जरा आकडेमोड करू. आमच्या ड्रॉइंग हॉलमध्ये बोर्ड बाजूला सरकवले की बारा बाय बारा मीटर जागा मोकळी होते. चार कोपऱ्यांत चार स्पीकर ठेवू. मध्यबिंदूपासून प्रत्येक साडेआठ मीटरवर. आता तुम्ही मध्यात नाही, तर एका कोपऱ्यापासून एका भिंतीने तीन आणि दुसरीने दोन मीटरवर उभे आहात. पायथागोरस लावा. जवळचा स्पीकर ३.६ मीटर, त्याच्या शेजारचा ९.२ मीटर. फरक ५.६ मीटर. आपल्याकडच्या हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो, म्हणजे एका मीटरला २.९ मिलिसेकंद. तेव्हा उशीर झाला सोळा मिलिसेकंद. दोन कानांतला कमाल फरक होता ०.६५, हा त्याच्या पंचवीस पट! शिवाय मोकळ्या जागेच्या हिशेबाने दूरचा स्पीकर आठ डेसिबलने क्षीण. संगीतकाराने मोठ्या कष्टाने एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात सरकवलेला आवाज तुम्हाला सरकताना ऐकूच येत नाही. तो जवळच्या कोपऱ्याला चिकटून बसतो, आणि तिथला स्पीकर जवळजवळ गप्प झाला की एकदम उडी मारून पुढच्या कोपऱ्यात जातो.

हे एवढं लक्षात ठेवून आता या मंडळींनी काय काय केलं ते पाहू.

जर्मनीत कोलोनच्या रेडिओ स्टुडिओत कार्लहाइन्झ स्टॉकहाउझेन १९५८ ते ६० या काळात ‘कॉन्टाक्टे’ नावाची रचना करत होते. चार स्पीकर श्रोत्यांभोवती, आणि आवाज त्यांच्यातून गोल फिरवायचा. तेव्हा ना कॉम्प्युटर, ना मिक्सरवर तसलं बटण. मग त्यांनी एक फिरतं टेबल केलं. टेबलावर एक कर्णा बसवलेला स्पीकर आणि टेबलाभोवती चार मायक्रोफोन. टेबल हाताने गरगर फिरवायचं आणि चार मायक्रोफोनमध्ये येणारा आवाज चार ट्रॅकच्या टेपवर घ्यायचा. टेप चार स्पीकरवर वाजवली की आवाज श्रोत्यांभोवती फिरतो. वर्कशॉपमध्ये जॉब करावा तसं हे काम आहे आणि मला ते फार आवडतं. कर्णा मायक्रोफोनकडे येतो आणि दूर जातो तेव्हा आवाजाच्या रंगात जो फेरफार होतो, तोही टेपवर आपोआप उतरतो. नुसता जोर कमी-जास्त करून तो मिळत नाही.

त्याच सुमारास, १९५८ च्या ब्रुसेल्स प्रदर्शनात, फिलिप्स कंपनीने एक मंडप उभारला होता. सिव्हिलच्या मित्रांनी इकडे लक्ष द्यावं. मंडप नावाला ल कॉर्बुझिए यांचा, म्हणजे चंदीगडवाल्यांचा. पण त्याचे ते तंबूसारखे हायपरबोलिक पॅराबोलॉइड प्रत्यक्षात आखले त्यांच्या कार्यालयात काम करणाऱ्या यानिस झेनाकिस यांनी. झेनाकिस अथेन्सच्या पॉलिटेक्निकमधून निघालेले इंजिनिअर आणि पुढे विसाव्या शतकातले एक मोठे संगीतकार झाले. आत एद्गार वारेझ यांची आठ मिनिटांची ‘पोएम एलेक्त्रोनिक’ वाजायची. भिंतींवर तीनशेहून जास्त स्पीकर. एका टेपवर संगीत आणि दुसऱ्या टेपवर कोणता स्पीकर कधी चालू-बंद करायचा याचे संकेत. टेलिफोन एक्स्चेंजमधल्यासारखे सिलेक्टर ते संकेत पाळायचे. त्यामुळे आवाज भिंतीवरून एका स्पीकरकडून पुढच्याकडे, रस्त्याने गेल्यासारखा जायचा. १९५९ च्या सुरुवातीला मंडप पाडून टाकला. टेप उरली, मंडप नाही. म्हणजे आज आपण ती रचना इअरफोनवर ऐकतो तेव्हा खरं तर तिचा निम्माच भाग ऐकतो.

ब्रुसेल्स आणि ‘कॉन्टाक्टे’ यांच्यातला फरक नीट लक्षात घ्यायला हवा, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. ‘कॉन्टाक्टे’त आवाज चार स्पीकरच्या मधल्या रिकाम्या जागेतून गेल्याचा भास होतो. ब्रुसेल्समध्ये आवाज खरोखरच जागोजागच्या स्पीकरमधून येत होता. भास एका बिंदूसाठी केलेला असतो. खरा स्रोत मात्र कुठूनही पाहिला तरी जिथे आहे तिथेच असतो. भिंतीजवळच्या माणसाला तो जवळून गेला, मधल्याला लांबून गेला, पण गेला दोघांनाही.

ही गोष्ट टोकाला नेली गेली ती जपानात, ओसाकाच्या १९७० च्या प्रदर्शनात. जर्मनीच्या दालनात एक गोलाकार प्रेक्षागृह होतं. विजापूरचा गोलघुमट सहलीत पाहिला असेल. तसल्या घुमटाला खालचा अर्धा भागही जोडलाय अशी कल्पना करा. पूर्ण चेंडू. श्रोते बसायचे त्याच्या पोटात, आवाज आरपार जाईल अशा जाळीदार जमिनीवर. स्पीकर भोवती, डोक्यावर आणि पायांखालीही, एकावर एक अशा कड्यांमध्ये. स्टॉकहाउझेन आणि त्यांचे वीसेक वादक-गायक तिथे प्रदर्शनाचे १८३ दिवस रोज साडेपाच तास कार्यक्रम करत. आवाज चक्राकार फिरवायला हाताने फिरवायचा एक मोठा स्विचही होता. पायांखालून येणारा आवाज! आपल्या आयुष्यात असा आवाज फक्त वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना मिळतो, तोही परीक्षेच्या आदल्या रात्री.

आता मात्र मी ज्यांच्यासाठी हा सेमिनार घेतला त्या माणसाकडे येतो. जॉन चाउनिंग. अमेरिकेत स्टॅनफर्डला संगीत शिकणारे, मूळचे तालवादक. इलेक्ट्रॉनिक्सचं शिक्षण नाही. बेल लॅबच्या मॅक्स मॅथ्यूज यांनी १९६३ मध्ये कॉम्प्युटरने आवाज कसा काढता येतो यावर लिहिलेला लेख त्यांनी वाचला आणि विद्यापीठाच्या कॉम्प्युटरवर रात्री-बेरात्री काम सुरू केलं. (याच खटाटोपात त्यांना एफएम सिंथेसिस सापडलं. यामाहाने ते घेतलं आणि १९८३ मध्ये डीएक्स-७ हा कीबोर्ड काढला. ऐंशीच्या दशकातल्या सिनेसंगीतातले ते काचेसारखे किणकिणणारे आवाज आठवा. असो, तो वेगळा लेख आहे.)

चाउनिंग यांचा प्रश्न असा : स्पीकर चारच, आणि कॉम्प्युटरमधला आवाज तर कुठेच नाही, नुसते आकडे. त्या आकड्यांना जागा आणि चाल कशी द्यायची? १९७१ मध्ये त्यांनी याचं उत्तर छापलं. त्यात तीन गोष्टी आहेत.

पहिली, दिशा. आवाज ज्या दोन स्पीकरच्या मध्ये आहे त्या दोघांत त्याचा जोर वाटून द्यायचा. हे आपण वर पाहिलंच.

दुसरी, अंतर. यात खरी गंमत आहे. कोणी जवळ कुजबुजतंय की लांबून ओरडतंय हे आपण नुसत्या जोरावरून ओळखत नाही. कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकाला कोणी हाक मारली की तुमच्या कानात दोन गोष्टी येतात : त्याचा थेट आवाज, आणि भिंती-छताला आपटून आलेला घुमारा. माणूस लांब गेला की थेट आवाज झपाट्याने घटतो, घुमारा त्या मानाने कमी घटतो. मेंदू या दोघांचं गुणोत्तर वाचतो. चाउनिंग यांनी थेट आवाज अंतराच्या व्यस्त प्रमाणात आणि घुमारा अंतराच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात कमी केला. म्हणजे अंतर चौपट झालं तर थेट आवाज पाव, पण घुमारा निम्मा. एवढ्याशा सूत्राने आवाज भिंतीच्या पलीकडे जातो. स्पीकर आहे तिथेच, आणि आवाज त्याच्याही मागे, लांब!

तिसरी, वेग, म्हणजे डॉप्लर. बारावीला रेल्वेच्या शिट्टीचं गणित सोडवलंत ना, तेच. ताशी ७२ किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला २० मीटरने, आवाज तुमच्याकडे आला तर त्याची पट्टी सुमारे सहा टक्के चढते. सा चा जवळजवळ कोमल रे होतो. म्हणजे चालीचा थेट सुरावर परिणाम! आवाज वेडावाकडा पळवला तर सूरही वेडावाकडा होतो. म्हणून १९७२ च्या ‘ट्युरेनास’ या रचनेसाठी चाउनिंग यांनी असा मार्ग निवडला की ज्यात वेग कुठेही एकदम तुटत नाही. तो मार्ग म्हणजे लिसाजू आकृती. होय, पहिल्या वर्षी सीआरओवर दोन साइन वेव्ह देऊन जी आपण काढली, जर्नलमध्ये पेन्सिलीने उतरवली आणि ओरलनंतर विसरलो, तीच! आपल्याला ती वारंवारतेचं गुणोत्तर मोजायला शिकवली. चाउनिंग यांनी तिच्यावरून आवाज चालवला.

आता मधल्या खुर्चीच्या प्रश्नाकडे पुन्हा बघा. या तीन गोष्टींपैकी मध्यबिंदूवर कोणती अवलंबून आहे? फक्त पहिली. घुमाऱ्याचं गुणोत्तर आणि पट्टीची चढ-उतार ही आकड्यांमध्येच मिसळलेली असते, ती कोणत्याही स्पीकरमधून कोणत्याही कोपऱ्यात पोचते. भिंतीला टेकलेल्या माणसाला आवाज डावीकडून आला की उजवीकडून हे कळणार नाही, पण आला आणि गेला हे कळेल. म्हणजे त्याचं तिकीट अगदीच फुकट जात नाही.

आम्ही चौघांनी हे करून पाहिलं. चार स्पीकर गोळा केले (चारही वेगळ्या कंपनीचे, त्यातला एक आमच्या विंगचा सार्वजनिक), ड्रॉइंग हॉलचे कोपरे गाठले, पायथॉनमध्ये तीसेक ओळींत लिसाजू मार्ग लिहिला आणि प्रिंटरच्या खडखडाटाचा एक तुकडा त्यावर सोडला. ज्युनिअर पोरं, दोन सर आणि लॅबचे काका हॉलभर उभे केले, सगळ्यांच्या डोळ्यांवर रुमाल, आणि सांगितलं की आवाज जिथून येतोय तिकडे बोट दाखवत राहा. तो देखावा मी विसरणार नाही. मधल्या लोकांचे हात होकायंत्रासारखे संथ फिरत होते. कडेच्यांचे हात मात्र आपापल्या कोपऱ्याला चिकटलेले, अधूनमधून झटका बसल्यासारखे दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन परत येणारे. हास यांचा प्रबंध डोळ्यांसमोर चालला होता. गंमत म्हणजे नंतर विचारलं तेव्हा कडेचेही म्हणाले, की आवाज लांब गेला आणि परत आला. कुठून कुठे, ते सांगता येईना.

यावर उपाय शोधणारे दोन प्रकारचे. एक म्हणतात, स्पीकर इतके लावा की भासाची गरजच पडू नये, लाटच खरी तयार होऊ दे. नेदरलँड्समध्ये डेल्फ्टला आ. यां. बेर्कहाउट यांनी १९८८ मध्ये ही पद्धत सुचवली. मुळाशी हायगेन्सचं तत्त्व, जे आपण प्रकाशाच्या धड्यात वाचलं. स्पीकरची सलग रांग लावायची आणि प्रत्येकातून अचूक उशिराने आवाज सोडून पलीकडच्या काल्पनिक स्रोताची लाट जशीच्या तशी उभी करायची. मग तुम्ही कुठेही उभे राहा, स्रोत तिथेच. ऐकायला छान आहे, पण नायक्विस्ट आडवे येतात. दोन स्पीकरमध्ये १७ सेंटिमीटर अंतर ठेवलं तर सुमारे १००० हर्ट्झपर्यंतच लाट धड राहते, त्याच्या वर गडबड. बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठात २००७ मध्ये एका लेक्चर हॉलला अशी व्यवस्था बसवली, तिला आठशेहून जास्त चॅनेल लागले. आपल्या लेक्चर हॉलला एक माइक धड लागत नाही.

इअरफोनचा उपायही याच जातीचा. कानाच्या पाळीचं गणित करून थेट दोन कानांत सोडायचं. मग प्रत्येकाकडे स्वतःची मधली खुर्ची! पण प्रत्येकाच्या पाळ्या वेगळ्या, आणि शेजारी बसून एकत्र ऐकण्याची मजा जाते ती जातेच.

दुसऱ्या प्रकारचे लोक मला जास्त जवळचे वाटतात. ते म्हणतात, जो तो जिथे आहे तिथून वेगळं ऐकणारच. मग तसंच लिहूया. झेनाकिस यांनी १९६६ च्या ‘तेरेतेक्तोर’मध्ये ऑर्केस्ट्राचे ८८ वादक सरळ श्रोत्यांमध्ये विखरून बसवले. तुमच्या शेजारी ट्रॉम्बोन असेल तर तुमची रचना ट्रॉम्बोनची, माझ्या शेजारी व्हायोलिन असेल तर माझी व्हायोलिनची. १९६९ मध्ये इराणात, पर्सेपोलिसच्या भग्न राजवाड्यांत झालेल्या ‘पेर्सेफास्सा’मध्ये सहा तालवादक श्रोत्यांच्या सहा बाजूंना उभे. ठेका एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे जातो, आणि शेवटाकडे हे चक्र वेग घेत जातं. एकही स्पीकर नाही. सहा खरी माणसं, सहा खरे स्रोत.

पॅरिसला फ्रांस्वा बेल यांनी १९७४ मध्ये ‘अकूस्मोनियम’ उभं केलं. लहान-मोठे ऐंशीच्या आसपास स्पीकर, आणि मुद्दाम वेगवेगळ्या स्वभावांचे. काही खर्जाचे, काही नुसते चिरके. ऑर्केस्ट्रातल्या वाद्यांसारखे मंचावर आणि सभागृहात मांडलेले. टेप बहुधा साधी दोन ट्रॅकची, पण ती कोणत्या स्पीकरमधून किती सोडायची हे एक माणूस मिक्सरवर दोन्ही हातांनी प्रत्यक्ष कार्यक्रमात ठरवतो. चारही स्पीकर एकसारखे नाहीत म्हणून आम्ही रडत होतो, त्यांनी त्याचंच वाद्य केलं! फक्त तो मिक्सरवाला बसतो श्रोत्यांच्या बरोबर मध्ये. म्हणजे मधली खुर्ची इथेही कोणाची तरी राखीव आहेच.

सगळ्यात मोकळा मार्ग मात्र डेव्हिड ट्युडर यांचा. यात आपल्याकडचा एक धागाही आहे. ट्युडर हे अमेरिकन पियानोवादक, पुढे पूर्णपणे इलेक्ट्रॉनिक्सकडे वळलेले. १९६९ मध्ये ते अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्थेत आले आणि मूग सिंथेसायझर बसवून तिथे इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ लावून दिला. १९६९ ते ७२ मध्ये तिथे आपल्या माणसांनी केलेल्या टेप कित्येक वर्षं पडून होत्या. त्यांतल्या निवडक २०२३ मध्ये प्रकाशित झाल्या. याच ट्युडर यांची ‘रेनफॉरेस्ट’ ही रचना १९६८ ची, आणि १९७३ पासून तिचं चौथं रूप मोठ्या खोलीत होऊ लागलं. कल्पना अशी, की स्पीकरचा कागदी कोन काढून टाका आणि उरलेलं लोहचुंबक व कॉइल, म्हणजे ट्रान्सड्यूसर, एखाद्या वस्तूवर घट्ट बसवा. पत्रा, पिंप, लाकडी फळी, काच, काहीही. त्यात आवाज सोडला की ती वस्तूच थरथरते आणि बोलते. मात्र सगळं बोलत नाही. तिच्या स्वतःच्या कंपनसंख्या असतील तेवढ्याच उचलते, बाकीच्या गिळते. मेकॅनिकलच्या भाषेत सांगायचं तर त्या वस्तूचे मोड ऐकू येतात. अशा अनेक वस्तू छतापासून टांगायच्या, आणि श्रोत्यांनी त्यांच्यामधून हिंडायचं, हवं तर कान लावायचा. इथे खुर्च्याच नाहीत.

आमच्या प्रयोगाचा दुसरा अर्धा भाग हाच होता. मेसमधून एक परात, मोठं पातेलं आणि तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा आणला. वर्कशॉपमधून एक पत्रा, ड्रॉइंग हॉलचाच एक जुना बोर्ड. ज्यांना करून पाहायचं असेल त्यांच्यासाठी दोन गोष्टी सांगून ठेवतो. ट्रान्सड्यूसर वस्तूला पूर्ण टेकलेला हवा. जरा ढिला राहिला की नुसती खरखर येते. आणि खर्ज येत नाही म्हणून अॅम्प्लिफायर वाढवत बसू नका. तो येणारच नाही, फक्त कॉइल तापेल. आत सोडायला आम्ही लेथचा आवाज, पाण्याच्या पंपाचा आवाज आणि मेसच्या कुकरच्या शिट्ट्या रेकॉर्ड केल्या होत्या. पातेल्यातून पंप ऐकला तर घंटा वाजल्यासारखा लांबत जातो. डब्यातून तोच पंप म्हणजे तोंडावर हात ठेवून बोलणारा माणूस. लाकडी बोर्ड सगळ्यांत सज्जन निघाला, दिलं ते थोडं मऊ करून परत द्यायचा.

लोक आले आणि कोणी सांगितलं नाही तरी हिंडायला लागले. एक सर बराच वेळ पत्र्याला कान लावून उभे होते. भांडी परत न्यायला मेसचे मामा आले, त्यांना म्हटलं थोडं ऐकून जा. ते डब्यापासून सुरू करून एकेका वस्तूपाशी थांबत परातीपर्यंत आले. आम्ही ती भिंतीला टेकवून ठेवली होती. मामांनी वाकून ऐकलं आणि म्हणाले, “अरे पोरांनो, ही दबलीय. भिंतीपासून सोडवा की जरा.” स्वतःच दोन बोटांनी कड धरून त्यांनी ती उचलली. कुकरची शिट्टी एकदम उघडली, हॉलभर झाली, आणि पलीकडच्या टोकाला पातेल्यापाशी उभी असलेली दोन पोरं मान वळवून तिकडे चालू लागली. दुसऱ्या दिवशी आम्ही परात मामांनी दाखवली तशी, तिच्या कडीतून सुतळी ओवून, पंख्याच्या हुकाला टांगली.